पहिल्या पाच वर्षांत सगळं ठरून जातं का?

प्रश्न : माझं वय ३५. मुलगी २१ महिन्यांची आहे. ती सात महिन्यांची झाल्यावर मी नोकरीवर परत गेले, तेव्हापासून ती दिवसा पाळणाघरात असते. तिथे छान रमली होती. पण गेले दोन महिने सकाळी सोडताना आकांत करते. संध्याकाळी मला पाहून धावत येते आणि उचललं की मलाच ढकलते, मारते. वर्षापूर्वी वडील गेले. आई (वय ६६) आता आमच्याकडे असते. दिवसभर जुनं उकरून काढते : कोण काय बोललं, कुणी काय दिलं नाही, वडील कसे वागले. बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. मनाच्या वाढीच्या फ्रॉइडच्या पाच आणि एरिक्सनच्या आठ अवस्था पाठ केल्या होत्या. 'पहिल्या पाच वर्षांत सगळं ठरतं' हे त्यातलं वाक्य डोक्यातून जात नाही. तसं असेल तर मुलीचं माझ्या हातून बिघडलं का? आणि आईचं या वयात काही बदलू शकतं का? (भावाच्या जन्माच्या वेळी मलाही गावी आजीकडे ठेवलं होतं, मी दीड वर्षाची असताना, जवळजवळ वर्षभर. पण मला त्यातलं काही आठवत नाही, त्यामुळे त्याचा इथे संबंध नसावा.)

उत्तर : आधी मुलीबद्दल लिहिते, कारण तुमची झोप तिच्यामुळे उडाली असणार.

तुम्ही सांगितलेलं वागणं या वयाचंच आहे. मार्गारेट माहलर हंगेरीत जन्मल्या, डॉक्टर झाल्या, व्हिएन्नात मनोविश्लेषण (बोलण्यातून जाणिवेबाहेरचं मन शोधणारी फ्रॉइडची उपचारपद्धती) शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांनी आयांना बसायला आणि मुलांना खेळायला एक जागा करून दिली आणि कित्येक महिने नुसतं पाहिलं. १९७५ साली सहकाऱ्यांसोबत त्यांनी जे मांडलं ते थोडक्यात असं : नुकतं चालायला लागलेलं मूल काही महिने जगाच्या प्रेमात असतं. पडतं, उठतं, पुन्हा पळतं. आई कुठे आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. साधारण पंधराव्या-सोळाव्या महिन्यापासून त्याला उमगू लागतं की आई वेगळी आहे, आपण अगदी लहान आहोत, आणि आपल्या मनात आलं म्हणून ती येत नाही. हा मोठा धक्का असतो. मग ते पुन्हा आईकडे धावतं. पण कुशीत शिरलं की नुकतंच सापडलेलं 'माझं मी' हरवेल असं वाटतं, म्हणून ढकलतं. 'मला घे' आणि 'मला सोड' ही दोन्ही मागणी त्या क्षणी खरी असते. दुसऱ्या वाढदिवसानंतर बहुतेक मुलांत हे हळूहळू निवळतं. तोवर आईने एवढंच करायचं : ढकललं म्हणून रुसायचं नाही, आणि चिकटली म्हणून झिडकारायचं नाही. दमून आलेल्या बाईला हे किती जड जातं, ते मला ठाऊक आहे.

माहलरचं सगळंच टिकलेलं नाही. पहिले काही आठवडे बाळ स्वतःच्याच कोशात बंद असतं, असं त्या म्हणत. तान्ह्या बाळांच्या नंतरच्या अभ्यासांनी ते खोडून काढलं, आणि मनोविकारतज्ज्ञ डॅनिएल स्टर्न यांनी १९८५मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. दीड-दोन वर्षांच्या मुलांचं माहलर यांनी केलेलं वर्णन मात्र मला आजही रोजच्या कामात उपयोगी पडतं.

आता पाळणाघर. नोकरी करणाऱ्या आयांच्या मनातल्या अपराधाचा एक धागा ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यापर्यंत जातो. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. त्यात ज्या मुलांचा विचार होता ती युद्धात बेघर झालेली, संस्थांमध्ये वाढणारी, आईवडिलांपासून दीर्घकाळ दूर राहिलेली होती. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचं चित्रीकरण दाखवलं. ती शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती आणि त्या काळच्या नियमांमुळे आईवडिलांना तिच्याजवळ राहता येत नव्हतं. दिवसागणिक तिचा चेहरा विझत जातो. पुढे ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे भेटीचे नियम सैल झाले, त्यामागे हे काम होतं. पण रोज संध्याकाळी आई येते, पाळणाघरातल्या मावशी त्याच असतात आणि मूल त्यांना ओळखतं, ही परिस्थिती वेगळी आहे. तिच्यावर तो अहवाल जसाच्या तसा लावणं चूक आहे, आणि ती चूक आपल्याकडे सासवांपासून समुपदेशकांपर्यंत सर्रास होते.

एक गोष्ट मात्र तुम्ही उद्यापासूनच करा. आपल्याकडे मुलाची नजर चुकवून निघायची पद्धत आहे. रडू नये म्हणून त्याला दुसरीकडे गुंतवायचं आणि मागच्या दाराने सटकायचं. तसं करू नका. 'मी जाते, खाऊच्या वेळेनंतर येते' असं सांगून, ती रडत असली तरी तोंडासमोर निघा. आणि घरी बुवाकुक खेळा, रोज, कंटाळा येईपर्यंत. फ्रॉइडने आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल १९२०मध्ये लिहिलेलं एक निरीक्षण आहे. आई बाहेर गेली तरी तो मुलगा रडत नसे. पण दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो पडदा लावलेल्या पाळण्यात टाकायचा आणि लांबलचक 'ओऽऽ' करायचा. घरच्यांना कळायचं की तो 'गेलं' म्हणतो आहे. मग दोरा ओढून रीळ बाहेर काढायचा आणि आनंदाने म्हणायचा, 'हे बघ!' आई जाते तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. रिळाचं जाणं आणि येणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात होतं. तुमची मुलगी पदराआडून तोंड काढते तेव्हा तीही हेच करत असते.

तुमच्या हातून चुका होत असतील. होऊ द्या. डोनाल्ड विनिकॉट यांनी लंडनच्या एका मुलांच्या रुग्णालयात जवळजवळ चाळीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं, हजारो आया आणि बाळं पाहिली, आणि 'पुरेशी चांगली आई' हा शब्दप्रयोग दिला. अगदी सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते. नंतर ती हळूहळू कमी पडू लागते, बाळाला झेपेल तितकीच. त्या कमी पडण्यातूनच बाळाला कळतं की बाहेर एक जग आहे. कधीच न चुकणारी आई मुलाला मोठं होऊच देणार नाही. १९४९च्या एका निबंधात त्यांनी आईला बाळाचा राग का येतो याची कारणंही सरळ मांडली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या काही आयांना मी ती वाचून दाखवते. त्यातल्या बऱ्याच जणी रडतात. आणि मुलगी एखादी गोधडी किंवा आजीच्या जुन्या साडीचा तुकडा उराशी धरून झोपत असेल, तर तो धुवायला घाई करू नका. त्या वासात आई असते आणि नसतेही. आईपासून जगाकडे जाताना मुलाला असा एक पूल लागतो.

आता 'पहिल्या पाच वर्षांत सगळं ठरतं' या वाक्याकडे येते, कारण पाठ्यपुस्तकांतल्या या वाक्याने फार नुकसान केलं आहे.

पाच अवस्थांचा जो तक्ता तुम्ही पाठ केलात, तो फ्रॉइडने एका बैठकीत लिहिलेला नाही. लैंगिकतेवरच्या १९०५च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हता. मौखिक अवस्थेचा (बाळाचं सुख तोंडाभोवती असतं त्या काळाचा) भाग १९१५च्या आवृत्तीत आला आणि लिंगावस्था (लक्ष जननेंद्रियाकडे वळतं तो काळ) १९२३च्या निबंधात. आपण शिकतो ती सुबक शिडी नंतर रचली गेली. शिवाय हे बालपण त्याने बव्हंशी कोचावर पडलेल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून उलट दिशेने बांधलं होतं. १९०९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हकिकतीतही उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांच्या हातून झाले. फ्रॉइड मागून सल्ला देत होता. स्त्रियांविषयीचं त्याचं बरंचसं प्रतिपादन मी तर वापरतच नाही. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नी यांनी १९२०च्या दशकातच त्यावर नेमके आक्षेप घेतले होते.

पण त्याच फ्रॉइडकडे एक दुसरा विचार आहे आणि तो परीक्षेला येत नाही. डिसेंबर १८९६मध्ये आपल्या मित्राला, विल्हेल्म फ्लीसला, लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आठवणी एकदाच कोरल्या जात नाहीत. नवी परिस्थिती आली की त्यांची पुन्हा मांडणी होते, त्या नव्याने लिहून काढल्या जातात. जुनी पोथी उतरवून घेणारा जसा कधी एखादा शब्द बदलतो, कधी समासात टीप घालतो, तसं. लहानपणी घडलेल्या एखाद्या गोष्टीला तेव्हा काहीच अर्थ नसतो. पौगंडावस्थेत, लग्नात, स्वतःला मूल झाल्यावर तिला अर्थ येतो आणि ती तेव्हा बोचू लागते. म्हणजे पहिली पाच वर्षं फार महत्त्वाची आहेत हे खरं, पण त्यांचा मजकूर आयुष्याच्या प्रत्येक वळणावर पुन्हा हाती घेतला जातो. माझ्या २६ वर्षांच्या कामाचा आधार हाच आहे. तसं नसतं तर चाळिशीतल्या माणसाला माझ्यासमोर बसवण्यात काही अर्थच उरला नसता.

एरिक्सनच्या आठ अवस्थांचंही तसंच झालं आहे. पहिल्या अवस्थेला 'विश्वास विरुद्ध अविश्वास' म्हटलं की विद्यार्थी समजतात की पहिल्या वर्षी पास किंवा नापास. १९५०च्या त्याच्या ग्रंथातला तक्ता पाहिलात तर तो आठ गुणिले आठ चौकटींचा आहे आणि फक्त तिरप्या रेषेवरच्या चौकटी भरलेल्या आहेत. रिकाम्या चौकटी विसरून राहिलेल्या नाहीत. विश्वासाचा प्रश्न विशीत असतो, साठीत असतो, दर वेळी वेगळ्या रूपात. आणि थोडा अविश्वास हवाच, नाहीतर माणूस कुणाच्याही मागे जाईल. स्वतः एरिक्सनला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं नाव घेऊन तो वाढला आणि १९३९मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने 'एरिक्सन' हे आडनाव स्वतः निवडलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. ओळखीचा प्रश्न अठराव्या वर्षी मिटतो, असं हा माणूस तरी म्हणणार नव्हता.

१९६२मध्ये तो अहमदाबादला आला होता. गांधींनी चालवलेल्या १९१८च्या गिरणी संपाच्या आठवणी असलेली माणसं त्याला तिथे भेटली, आणि त्यातून गांधींवरचं त्याचं पुस्तक १९६९मध्ये आलं. संपाच्या वेळी गांधी ४८ वर्षांचे होते. मध्यमवयातला माणूस पुढच्या पिढीची, अनोळखी माणसांची काळजी का वाहू लागतो, हा एरिक्सनचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर शोधताना तो सोळा वर्षांच्या मोहनदासपर्यंत, आजारी वडिलांचे पाय चेपून उठून गेलेल्या आणि त्यांच्या शेवटच्या क्षणी जवळ नसलेल्या मुलापर्यंत मागे जातो. अहमदाबादेतच, पुढे मनोविश्लेषक झालेले सुधीर कक्कर त्याला भेटले, पुढे हार्वर्डला त्याचे सहायक झाले, आणि भारतीय बालपणावर त्यांनी १९७८मध्ये जे लिहिलं ते तुम्ही अवश्य वाचा. आपल्याकडचं मूल आईशी फार दीर्घकाळ जोडलेलं असतं आणि मुलग्याला मग एकाएकी बायकांच्या जगातून पुरुषांच्या जगात ढकललं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिवसभर चार माणसांच्या कडेवर फिरणाऱ्या आपल्या मुलांना व्हिएन्ना-लंडनचे सिद्धांत लावताना हा फरक धरावाच लागतो.

शाळेच्या वयावर आणि पौगंडावस्थेवर मी इथे थांबत नाही. तुमच्या घरी सध्या ते कुणी नाही.

आईबद्दल. फ्रॉइड डिसेंबर १९०४च्या व्याख्यानात म्हणाला होता की पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता राहत नाही, म्हणून अशांना मनोविश्लेषण लागू पडत नाही. तेव्हा तो स्वतः ४८ वर्षांचा होता. त्यानंतर वयाच्या ६७व्या वर्षी त्याने मनाच्या रचनेचा आपला सिद्धांत नव्याने मांडला आणि सत्तराव्या वर्षी चिंतेबद्दलचं स्वतःचं जुनं मत बदललं. त्याच्या म्हणण्याला त्याच्याच आयुष्याने उत्तर दिलं. त्याचा सहकारी कार्ल अब्राहम याने तर १९१९मध्येच लिहिलं होतं की रुग्णाच्या वयापेक्षा आजाराचं वय पाहावं.

तुमच्या आई जे करताहेत त्याला रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३मध्ये 'आयुष्याचा आढावा' असं नाव दिलं. म्हातारी माणसं जुनं उगाळतात ते बुद्धी मंदावल्यामुळे, अशी तेव्हा समजूत होती. आपली 'साठी बुद्धी नाठी' तेच म्हणते. बटलरने दाखवलं की शेवट दिसू लागला की मन आपणहून मागे वळतं, न मिटलेले तंटे वर काढतं आणि ते मिटवायचा प्रयत्न करतं. ते नीट झालं तर एरिक्सन म्हणतो तसं 'हे माझं आयुष्य, असंच घडलं' इथपर्यंत माणूस येतो. अडकलं तर कडवटपणा उरतो. 'आई, आता विसर ना ते' असं आपण म्हणतो, तेव्हा ते काम आपण अर्ध्यावर तोडतो.

त्यात त्या नुकत्याच विधवा झाल्या आहेत. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९४०मध्ये शोकावर लिहिलं. १९३४मध्ये त्यांचा तरुण मुलगा डोंगरात अपघातात गेला होता. प्रत्येक मोठ्या मृत्यूबरोबर आपल्या आतली जुनी माणसंही पुन्हा कोसळतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्यावरच राग होता, हे पोटात घेता आलं तर शोक पुढे सरकतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा आपला संस्कार इथे आड येतो. आई वडिलांच्या तक्रारी करतात तेव्हा वडिलांची बाजू मांडू नका. थोडा वेळ ऐका. काही महिन्यांनी त्याच तक्रारीच्या शेपटीला एखादी गोड आठवण येऊ लागते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

म्हातारपणीही नातं जुन्या जागेवरून सुरू होऊ शकतं. माझ्याकडे ७२ वर्षांचे एक गृहस्थ येत (ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत). ते माझ्याहून कितीतरी मोठे, पण पाणी पिण्याआधीही मला विचारायचे. बऱ्याच महिन्यांनी लक्षात आलं की त्यांना वाढवलेल्या मोठ्या बहिणीच्या जागी त्यांनी मला बसवलं होतं. तिच्यावर रागवायचं साठ वर्षं राहून गेलं होतं. ते माझ्यावर रागावले आणि मग घरी सुनेवर ओरडायचे थांबले. मनोविश्लेषक पर्ल किंग यांनी १९८०मध्ये वयस्कांच्या उपचारांबद्दल नेमकं हेच टिपलं आहे. आणि जोन एरिक्सन यांनी नवऱ्याच्या पश्चात, वयाच्या नव्वदीत, नववी अवस्था लिहिली. त्यांनी म्हटलं की या वयात शरीराचाच भरवसा उरत नाही, आणि पहिल्या वर्षीचा विश्वासाचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

तुमच्या आई जेवेनाशा झाल्या, रात्री झोप उडाली, 'आता कशाला जगायचं' असं म्हणू लागल्या, किंवा नुकतंच घडलेलं विसरू लागल्या, तर मात्र हा आढावा समजून थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ताबडतोब बोलायचं असेल तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आता तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य. मला वाटतं, सगळ्या पत्रात तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

तुम्ही दीड वर्षाच्या असताना घरातून गेलात आणि अडीच वर्षांच्या होऊन परतलात. तुमची मुलगी आज नेमकी त्या वयात आहे. दोन महिन्यांपूर्वी ती १९ महिन्यांची होती. तिचं रडणं तेव्हा सुरू झालं, आणि तुमची झोपही बहुधा तेव्हाच गेली असावी. त्या वयाचं प्रसंग म्हणून काही आठवत नाही, कुणालाच नाही. पण मुलगी दारात रडते तेव्हा तुमच्या पोटात जो खड्डा पडतो, तो सगळा आजचा असेलच असं नाही. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्राइबर्ग यांनी १९७५मध्ये अशा आयांबद्दल लिहिलं : पाळण्यापाशी आईच्या बालपणातली भुतं येऊन उभी राहतात. ज्यांना स्वतःचं दुःख जाणवतं त्या ते मुलाला देत नाहीत. ज्यांचं दुःख जाणिवेबाहेर राहतं, त्यांच्या हातून ते पुढे जाण्याचा धोका असतो. पुढे १९८५मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की आईबापांचं बालपण सुखाचं होतं की नव्हतं, यापेक्षा ते त्याबद्दल किती सुसंगतपणे आणि मोकळेपणाने बोलू शकतात, याचं त्यांच्या मुलांच्या जवळिकीशी नातं जास्त होतं.

आणि तुमचं नशीब असं की त्या वर्षाची साक्षीदार तुमच्याच घरात बसून दिवसभर जुन्या गोष्टी काढते आहे. मुलगी झोपल्यावर एखाद्या रात्री आईला विचारा : मला आजीकडे सोडायला कोण गेलं होतं? मी रडले का? तू मध्ये भेटायला आलीस का? परत आणलंत तेव्हा मी तुझ्याकडे आले, की आजीच्या मागे लपले? त्या आधी म्हणतील, 'तेव्हा असंच असायचं, सगळ्यांचीच मुलं ठेवायचे.' तिथे थांबू नका, पण वादही घालू नका. त्यांनाही त्या वेळी तिशीत, ओल्या बाळंतपणात, एक मूल लांब ठेवून राहावं लागलं होतं. त्याबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलं नसण्याची शक्यता मला मोठी वाटते. दोघींपैकी एकीला रडू आलं तर येऊ द्या.